सहाशे रुपयांची ध्येय-दैनंदिनी : कामाची पाने आणि शोभेची पाने

गेल्या काही वर्षांत मराठी पुस्तकांच्या दुकानांत डायऱ्यांच्या शेजारी एक नवा खण दिसू लागला आहे. डायऱ्या आपल्याकडे पूर्वीपासून होत्याच. बँकेच्या, विमा एजंटांच्या, औषध कंपन्यांच्या, नववर्षाची भेट म्हणून येणाऱ्या आणि होळीपर्यंत किराणा-हिशेबाला लागणाऱ्या. या नव्या खणातल्या वह्या मात्र पैसे मोजून घ्याव्या लागतात, त्यांना जाड पुठ्ठा आणि रेशमी फीत असते, आणि त्या आपल्याकडून रोजच्या नोंदींऐवजी आयुष्यातली ध्येये लिहून मागतात. पुण्यात अप्पा बळवंत चौकात फेरफटका मारला तर अशा वह्यांचे चार-पाच प्रकार सहज हाती लागतात. त्यांपैकी संपूर्ण मराठीत छापलेली एक वही मी पाडव्यापासून वापरत आहे, आणि तिचीच दुसरी प्रत राज्यसेवा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीकडे आहे. एकीचे ध्येय निव्वळ आवडीचे आणि दुसरीचे पोटापाण्याचे, त्यामुळे एकाच वहीची दोन अगदी वेगळ्या कामांवर परीक्षा झाली. प्रकाशकाचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण या प्रकारातल्या बहुतेक वह्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते आणि पुढे ज्या उणिवा सांगणार आहे त्या एका प्रकाशकाच्या नसून या प्रकाराच्याच आहेत.

आधी वस्तूविषयी. वही ए-फाइव्ह आकाराची, शिलाईच्या बांधणीची आहे, म्हणून टेबलावर सपाट उघडी राहते आणि लिहिताना डाव्या हाताने दाबून धरावी लागत नाही. कागद ऐंशी जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ऐंशी ग्रॅम वजनाचा), बॉलपेनला उत्तम, पण शाईच्या पेनाने लिहिल्यास मागच्या बाजूला उमटतो. फितीचे टोक दुसऱ्याच महिन्यात विसविशीत झाले. छपाई स्वच्छ आहे, शुद्धलेखनही बऱ्यापैकी सांभाळले आहे, फक्त पानागणिक एक सुविचार छापण्याचा मोह प्रकाशकाला आवरलेला नाही. लिहिण्याची जागा त्याने एवढी खाल्ली आहे की काही पानांवर ध्येयापेक्षा सुविचार मोठा दिसतो.

तारखा छापलेल्या नाहीत, ही मात्र या वहीची सर्वांत शहाणपणाची सोय आहे. जानेवारी हुकला म्हणून वर्ष वाया गेले असे होत नाही. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, मुलांची शाळा सुरू होण्याचा सोमवार किंवा स्वतःचा वाढदिवस, कोणत्याही दिवशी पहिले पान उघडता येते. नव्या कालखंडाच्या आरंभी माणसाला नवे काम हाती घेण्याचा हुरूप येतो, ही केवळ आपल्या मुहूर्तप्रेमाची गोष्ट नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवड्याच्या, महिन्याच्या, वर्षाच्या आरंभी आणि वाढदिवसानंतर लोकांच्या व्यायामशाळेतल्या फेऱ्या वाढतात, असे नोंदवले आहे. हा हुरूप टिकत नाही, हे वेगळे सांगायला नको. तो असेपर्यंत वहीने आपल्याकडून काय लिहून घेतले यावर पुढचे सारे अवलंबून राहते.

आणि नेमक्या याच ठिकाणी वहीची पहिली वीस-बावीस पाने निराशा करतात. उघडताच ‘येल विद्यापीठाचा प्रसिद्ध अभ्यास’ समोर येतो : १९५३ साली पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी अवघ्या तीन टक्क्यांनी आपली ध्येये लिहून ठेवली होती आणि वीस वर्षांनी त्या तीन टक्क्यांची संपत्ती उरलेल्या सत्त्याण्णव टक्क्यांच्या एकत्रित संपत्तीपेक्षा जास्त भरली. हा अभ्यास कधी झालाच नव्हता. खुद्द येलच्या ग्रंथालयाने शोध घेऊन तसे स्पष्ट केले आहे, तरी ही कथा व्याख्यानांतून, पुस्तकांतून आणि आता वह्यांतून फिरतेच आहे. ध्येय लिहिण्याचे महत्त्व पटवण्यासाठी खोट्या दाखल्याची गरज पडावी याचे आश्चर्य वाटते, कारण खरे दाखले भरपूर आहेत आणि ते अधिक उपयोगाचेही आहेत.

एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली मांडलेला आणि पुढे गॅरी लॅथम यांच्यासोबत विस्तारलेला सिद्धांत असा, की ‘जमेल तितके कर’ असे सांगितलेल्या माणसापेक्षा नेमके आणि कठीण, पण मान्य केलेले ध्येय समोर असलेला माणूस बहुतेक वेळा सरस काम करतो. लॅथम यांचे १९७५ सालचे उदाहरण लाकडाचे ओंडके वाहून नेणाऱ्या अमेरिकी ट्रकचालकांचे आहे. कायद्याने जितका भार नेता येतो त्याच्या सुमारे साठ टक्केच भार ते नेत असत. चौऱ्याण्णव टक्क्यांचे नेमके लक्ष्य दिल्यावर काही महिन्यांत तो भार नव्वद टक्क्यांच्या वर गेला. ट्रक तेच, चालक तेच, पगारही तोच. बदलले ते एवढेच, की ‘पुरेसे’ म्हणजे किती हे ठरले. हे उदाहरण वहीत एका पानावर मावले असते आणि वाचणाऱ्याला काहीतरी शिकवूनही गेले असते.

येलच्या पानानंतर ‘स्वप्नफलक’ येतो : बंगला, गाडी, विमान, हसरे कुटुंब यांची फिकट चित्रे आणि मधे आपली चित्रे चिकटवायला चौकटी. ही आठ पाने मी कोरी ठेवली आणि मला त्यांची उणीव जाणवली नाही. गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनाचा निष्कर्ष असा आहे, की इच्छापूर्तीच्या नुसत्या सुखद कल्पनेत रमल्याने प्रत्यक्ष प्रयत्नांची धार कमी होते; उलट, इच्छित गोष्टीच्या शेजारी आपल्यातला नेमका कोणता अडथळा आडवा येणार आहे हे ठेवून पाहिले, आणि ते ध्येय आवाक्यातले वाटत असले, तर प्रयत्न वाढतात. गंमत म्हणजे याच वहीच्या साप्ताहिक पानावर, अगदी तळाशी, ‘या आठवड्यात काय आडवे येईल?’ अशी एक ओळ आहे. आठ पाने चित्रांना आणि अडथळ्याला एक ओळ, हे प्रमाण उलटे हवे होते.

साप्ताहिक पान हाच या वहीचा प्राण आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते. डावीकडे तीन स्तंभ आहेत : ‘काय’, ‘केव्हा व कुठे’, ‘झाले का’. उजवे पान मोकळे, आखीव. बस्स, एवढेच. परंतु दुसऱ्या स्तंभात ‘वेळ काढून’ असे लिहिण्याची सोय नाही. रकाना इतका अरुंद आहे की त्यात घड्याळातली वेळ आणि जागाच मावते. पीटर गोलविट्झर यांनी नव्वदीच्या दशकात केलेल्या प्रयोगांचे सार या अरुंद रकान्यात आपोआप उतरले आहे. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळची संध्याकाळ कशी घालवली याचा वृत्तान्त अठ्ठेचाळीस तासांत लिहून पाठवायला सांगितले होते. ज्यांनी तो कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी ठरवले, त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी मुदतीत पाठवला. ज्यांनी ठरवले नाही, त्यांच्यापैकी सुमारे एक-तृतीयांश जणांनी. इच्छा दोघांचीही होती.

माझे स्वतःचे ध्येय जुन्या मराठी कागदांची मोडी लिपी वाचायला शिकण्याचे. माहेरी वाईकडच्या घरात पणजोबांच्या वेळची एक पत्र्याची ट्रंक आहे आणि तिच्यात गहाणखते, पावत्या, सरखते असे मोडीतले कागद आहेत. घरात ते वाचू शकणारी शेवटची पिढी केव्हाच गेली. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांत मोडीचे वर्ग होतात, मुळाक्षरे तेथे नीट शिकवतात. अडचण त्यानंतर सुरू होते. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिच्याखाली शब्द तोडल्याशिवाय, विरामचिन्हांशिवाय अक्षरे जोडत जातो. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही. आणि इंग्रजी अमदानीतला कागद असेल तर कारकुनाने तो इतक्या घाईने घसटलेला असतो, की छापील तक्त्यातले अक्षर आणि कागदावरचे अक्षर यांची ओळख पटवावी लागते. असे काम ‘मोडी शिकायची आहे’ एवढ्या संकल्पावर पुढे सरकत नाही. वहीच्या पहिल्या आठवड्यातली माझी नोंद अशी आहे : ‘गहाणखत, पहिल्या सहा ओळी – रात्री ओटा आवरला की, आतल्या खोलीतल्या टेबलावर.’ तळाच्या ओळीत : ‘पाहुणे आले तर दुसऱ्या दिवशी पहाटे, चहाच्या आधी.’ ही नोंद वाचायला अगदीच सामान्य वाटते, परंतु रात्री ओटा पुसून झाल्यावर फडके वाळत घालताना टेबलाकडे पाय वळतात, हे काम तिने चोख केले.

वहीचे वार्षिक पान मात्र याच ध्येयाच्या आड आले. तेथे प्रत्येक ध्येयापुढे ‘संख्या’ आणि ‘अंतिम तारीख’ असे दोन सक्तीचे रकाने आहेत आणि वर खुलासा आहे की ज्याचे मोजमाप होत नाही ते ध्येयच नव्हे. मी ‘३० कागद, फाल्गुनअखेर’ असे लिहिले. संख्या समोर असली की हात आपोआप चार ओळींच्या पावत्यांकडे जातो, कारण एका संध्याकाळी तीन पावत्या ‘झाल्या’ असे लिहिता येते आणि दोन पानी गहाणखत आठवडा खाऊनही एकच भरते. ज्या वहीने प्रगती दाखवावी तीच सोपे काम निवडायला शिकवू लागते. लॉक आणि लॅथम यांनीही स्वतःच्या सिद्धांताला ही मर्यादा घातली आहे : काम नवीन आणि गुंतागुंतीचे असेल, अजून कौशल्यच हाती आलेले नसेल, तर फळाचे कठीण लक्ष्य देण्यापेक्षा शिकण्याचे लक्ष्य द्यावे, म्हणजे ‘इतके कागद’ असे न म्हणता ‘हे वाचण्याच्या इतक्या युक्त्या शोधून काढ’ असे म्हणावे.

वहीत शिकण्याच्या ध्येयासाठी पान नाही, म्हणून ते मी उजव्या मोकळ्या पानावर आखले. ट्रंकेतला एक कागद पेशवाईतला आहे आणि त्यावर वर्ष ‘सलास सबैन मया व अलफ’ असे शब्दांत आहे. शुहूर सन ही जुन्या मराठी कागदांतली कालगणना, आणि हे तिचे अरबी अंक : सलास म्हणजे तीन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार, एकूण ११७३. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो, कारण हे वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे इसवी सनाच्या मधेच, बदलते; म्हणजे हा कागद १७७२-७३ मधला, थोरल्या माधवरावांच्या मृत्यूच्या आगेमागचा. हे एक सूत्र हाती आल्यावर तारखेची ओळ अडेनाशी झाली. ‘शुहूर सनाचे अंक’, ‘मायन्यातली ठरावीक वाक्ये’, ‘जमिनीच्या चतुःसीमांचे शब्द’ अशी ध्येये लिहू लागल्यावर कागदांची संख्या मंदावली आणि वाचन वाढले. वहीच्या मोजपट्टीवर मी मागे पडले आहे. गहाणखत मात्र पूर्ण वाचून झाले आहे. (ते फेडल्याची पावती अजून सापडलेली नाही, आणि घरात त्यावरून चर्चा सुरू आहे.)

‘मोजता येईल तेच ध्येय’ हा आग्रह आला कुठून हे पाहिले म्हणजे त्याची मर्यादा उलगडते. नेमके, मोजता येणारे, वेळेचे बंधन असलेले अशी ध्येयाची जी पाच लक्षणे आज शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात, ती १९८१ साली जॉर्ज डोरन यांनी कंपन्यांतल्या व्यवस्थापकांसाठी मांडली होती. ‘हे काम कोणावर सोपवले आहे’ हेही त्यांच्या मूळ यादीतले एक लक्षण होते. कचेरीत ध्येय वरून येते आणि ते कोणाचे हा प्रश्न पडत नाही. वैयक्तिक ध्येयाच्या बाबतीत तोच पहिला प्रश्न असतो, आणि बाजारातल्या बहुतेक वह्या तो विचारत नाहीत.

ही वही विचारते. वार्षिक पानाच्या मागे, कोपऱ्यात, सुविचाराच्याही खाली : ‘हे ध्येय कोणाचे आहे? कोणालाही कळणार नसेल तरी मी ते धरून ठेवीन का?’ भाचीने पहिल्या दिवशी विचारले, “मावशी, हे एवढं कोरं ठेवलं तर चालेल ना?” चालेल म्हटले, पण ते कोरे का राहिले यावर आमचे बोलणे पुढे अनेकदा झाले. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी सातला जाऊन बसणाऱ्या मुलामुलींत ‘साहेब व्हायचे’ हे ध्येय प्रत्येकाच्या टेबलावर चिकटवलेले असते. त्यात स्वतःची ओढ किती, गावातल्या कमानीवर नाव लागावे ही घरच्यांची आस किती आणि मागे फिरायची लाज किती, याची फोड सहसा कोणी करत नाही. एका प्रश्नाने ती होईल असा माझा दावा नाही. पण सहाशे रुपयांच्या वस्तूने तो विचारला याचे मोल मी स्वप्नफलकाच्या आठ पानांपेक्षा जास्त धरते.

स्पर्धा परीक्षेसाठी ही वही कितपत उपयोगी, हे अनेकांना जाणून घ्यायचे असेल. ध्येय ‘उपजिल्हाधिकारी’ असे लिहिले तर त्यातला मोठा भाग विद्यार्थ्याच्या हातात नसतो : जागा किती निघतील, जाहिरात केव्हा येईल, कट-ऑफ कुठे थांबेल. साप्ताहिक पान हे ध्येय फोडून हातातल्या कामांवर आणते आणि तेथे त्याचा चांगला उपयोग होतो. उदाहरणार्थ, राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, आता केवळ पात्रतेपुरता आहे आणि त्यात तेहतीस टक्के पुरतात. ज्याचे गणित बरे आहे त्याने या पेपरला ‘जास्तीत जास्त गुण’ हे ध्येय ठेवणे म्हणजे पहिल्या पेपरचे तास खर्चून टाकणे होय. भाचीच्या वहीत सीसॅटपुढे ‘रविवारी एक प्रश्नपत्रिका, अभ्यासिकेत, दुपारी, उताऱ्यांवर अडकले तर बुधवारी आणखी दोन उतारे’ एवढेच आहे. ‘पुरेसे’ ठरवण्याचे हे उदाहरण मला ट्रकचालकांच्या उदाहरणाइतकेच बोलके वाटते, फक्त येथे नेमकेपणा काम वाढवण्याऐवजी आवरण्यासाठी वापरला आहे.

वहीची खरी कमतरता दिसते ती ध्येय बाहेरून हलते तेव्हा. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने २०२२ साली जाहीर केला. तो लगेच लागू होऊ नये म्हणून २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अखेर नवी पद्धत २०२५ पासून लागू करण्याचे ठरले. पर्याय खुणावण्याची वर्षानुवर्षे तयारी केलेल्यांना लेखनाचा सराव मुळापासून करावा लागला. अशा वेळी वर्षारंभी लिहिलेले ध्येय खोडून पुन्हा लिहिण्याची जागा हवी. या वहीत वार्षिक पान एकच आहे, तेही सोनेरी चौकटीत, जणू मानपत्र. त्यावर काट मारायला हात धजत नाही. भाचीने त्यावर पिवळी चिकटचिठ्ठी लावून खाली नवे ध्येय लिहिले. प्रकाशकाने दर तिमाहीला एक साधे, बिनचौकटीचे पान दिले असते तर चिठ्ठीची वेळ आली नसती.

थांबण्याविषयी तर वहीत एक अक्षरही नाही. उलट ‘हार मानू नका’ या अर्थाचे सुविचार मी मोजायचे सोडून दिले. कार्स्टन रॉश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे आढळले, की आवाक्याबाहेर गेलेले ध्येय सोडून देऊन दुसऱ्या अर्थपूर्ण ध्येयाला हात घालू शकणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य अधिक चांगले असते. ऐन तिशीत, गावाकडून दर महिन्याला येणाऱ्या पैशांवर, ‘आणखी एक प्रयत्न’ करत राहणाऱ्या मुलांना या वाक्याची गरज कोणत्याही सुविचारापेक्षा जास्त आहे. भाचीने शेवटच्या मोकळ्या पानावर स्वतःच एक अट लिहिली आहे : पुढच्या दोन प्रयत्नांत मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचले नाही तर बी.एड.ची सीईटी द्यायची, आणि हे आईला आधीच सांगून ठेवायचे. ही अट लिहिल्यानंतर तिचा अभ्यास ढिला पडला नाही. रात्रीची झोप सुधारली, असे तीच सांगते.

आता सवयींच्या तक्त्याकडे वळते, कारण या वह्यांची जाहिरात मुख्यतः त्यावर होते. ‘२१ दिवसांची साखळी’ या नावाने एकवीस गोल छापलेले आहेत. रोज एक भरायचा आणि एक जरी चुकला तरी पहिल्यापासून सुरुवात करायची. एकवीस दिवसांची ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लेखनातून पसरली. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातले ‘किमान’ गळून पडले आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम, वाचन, पहाटे उठणे असे सगळे आले. फिलिपा लॅली आणि लंडनमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागणारा काळ अठरा दिवसांपासून दोनशे चोपन्न दिवसांपर्यंत पसरलेला आढळला आणि त्याचा मध्य सहासष्ट दिवसांवर होता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात लक्षणीय फरक पडला नाही.

म्हणजे साखळीचा ‘पुन्हा पहिल्यापासून’ हा नियम निराधार तर आहेच, शिवाय अपायकारकही आहे. अठराव्या दिवशी ताप आला म्हणून सतरा दिवस पुसणारी वही माणूस दुसऱ्यांदा उघडत नाही. आपल्या घरांत याहून शहाणी नोंदपद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे : भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरचा दुधाचा खाडा. दूध आले नाही त्या दिवशी तारखेवर फुली पडते, महिनाअखेर फुल्या मोजून हिशेब होतो आणि दुसऱ्या दिवशी पातेले पुन्हा दारात ठेवले जाते; एका खाड्यामुळे कोणी रतीब बंद करत नाही. मी साखळीचे पान सोडून दिले आणि मोडीचे खाडे तसेच दिनदर्शिकेवर, दुधाच्या शेजारी, वेगळ्या रंगाने मांडते. महिनाअखेर खाडे कोणत्या वारी जास्त पडतात ते दिसते. माझे गुरुवारी पडतात, कारण त्या दिवशी कामाच्या शाखेत हिशेब जुळवायला उशीर होतो. म्हणून गुरुवार आता मुळातूनच वगळला आहे.

मासिक पुनरावलोकनाचे पान थोडक्यात : प्रश्न तीन, जागा पुरेशी, भाषा सरळ. ‘काय झाले नाही’ याच्या आधी ‘काय लिहायलाच नको होते’ असा प्रश्न आहे, ही सूक्ष्मता दाद देण्याजोगी. आर्थिक ध्येयांचे पान मात्र घाईत उरकलेले आहे. बचतीची रक्कम आणि मुदत एवढेच रकाने आहेत. महागाई किंवा आकस्मिक खर्चासाठीची तरतूद यांचा पत्ता नाही. ज्यांना घर, शिक्षण किंवा निवृत्तीसाठी नियोजन करायचे आहे त्यांनी या पानावर विसंबू नये. आरोग्याच्या पानावर वजन आणि कंबर यांपलीकडे काही विचारलेले नाही.

किमतीविषयी. सहाशे रुपये ही वहीसाठी लहान रक्कम नाही. तेवढ्यात फुलस्केप वह्यांचा गठ्ठा येतो. साप्ताहिक पानाचे तीन स्तंभ कोणत्याही वहीत पट्टीने आखता येतात, आणि ज्याला रोज स्वतःहून लिहायची सवय आहे त्याने तसेच करावे. मोबाइलवरील अॅप फुकट मिळतात, आठवण करून देतात, पण माझ्या अनुभवात टेबलावर उघडी पडलेली वही ही त्या टिणटिणीपेक्षा अधिक प्रभावी आठवण ठरली. शिवाय फोन हाती घेतला की मोडीऐवजी भलतेच वाचन होते. वही घ्यावी ती ज्यांना कोऱ्या पानापुढे काय लिहावे सुचत नाही त्यांनी, आणि ज्यांच्या हातात एकच, नक्की ठरलेले काम आहे त्यांनी. आयुष्यात काय करावे हेच ज्यांना ठरवायचे आहे त्यांच्या पदरी ही वही फारसे घालणार नाही. स्वप्नफलक चिकटवण्यात त्यांचा रविवार तेवढा जाईल. दहावी-बारावीच्या मुलांना भेट द्यायची असेल तर आधी स्टेपलरने पहिली वीस-बावीस पाने एकत्र बंद करून द्यावीत, असे मी गंभीरपणे सुचवते.

पाचपैकी तीन तारे. प्रकाशकाने साखळी आणि येलची दंतकथा काढून टाकली, वार्षिक पान तिमाही केले आणि सुविचार निम्म्यावर आणले तर मी चौथा तारा देईन. कागद नव्वद जीएसएमचा केला तर शाईचे पेनही पुन्हा बाहेर काढीन. तोपर्यंत विकत घेणाऱ्यांनी निदान दुकानात वही चाळून दोन गोष्टी तपासाव्यात : साप्ताहिक पानावर वेळ आणि जागा लिहिण्याचा रकाना आहे का, आणि मोकळी पाने किती आहेत.